पूर्ण वर्ग, विवेचक आणि अन्वस्ताचा आलेख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात दहावी-अकरावीच्या मुलांना गणित शिकवताना वर्गसमीकरणांचा धडा आला की ठरावीक प्रश्न येतात. काही फळ्यासमोर येतात, काही वर्ग सुटल्यावर सायकलचं कुलूप काढता काढता, काही परीक्षेच्या आदल्या रात्री फोनवर. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय. माझं म्हणणं एकच आहे आणि ते बहुतेक उत्तरांत दिसेल: पूर्ण वर्ग करायची एक क्रिया हाताला बसली की सूत्र, विवेचक (समीकरणाची उत्तरं, म्हणजे मुळं, कशी असतील ते सांगणारी राशी) आणि आलेख (अन्वस्त नावाचा वाटीसारखा वक्र) हे तिन्ही तिच्यातूनच निघतात. मुलं मात्र ते तीन वेगळे धडे समजून तीनदा पाठ करतात.

पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात. इथे चलासाठी क्ष, सहगुणकांसाठी अ, ब, क आणि आलेखावरच्या उंचीसाठी य वापरलंय. अ आणि क्ष यांच्यामध्ये ठिपका मुद्दाम घातलाय, नाहीतर ते 'अक्ष' असं वाचलं जाईल, आणि तो शब्द आपल्याला आलेखासाठी लागणार आहे.

पूर्ण वर्ग करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

एक चौरस अंगण डोळ्यांसमोर आणा. बाजू क्ष फूट, म्हणजे क्षेत्रफळ क्ष². आता एका बाजूला ६ फूट रुंदीचा पट्टा वाढवून तिथेही फरशी घातली. एकूण फरशी झाली क्ष² + ६क्ष. आकार मात्र आता आयत झाला.

तो पट्टा लांबीच्या दिशेने मधोमध कापा. ३-३ फुटांचे दोन पट्टे झाले. एक आहे तिथेच राहू द्या, दुसरा उचलून शेजारच्या बाजूला लावा. आता आकार जवळजवळ चौरस झालाय, बाजू क्ष + ३. जवळजवळ म्हणतोय, कारण एका कोपऱ्यात ३ × ३ चा तुकडा रिकामा आहे. तेवढ्या ९ चौरस फुटांची फरशी आणून कोपरा भरला की चौरस पूर्ण. 'पूर्ण वर्ग' हे नाव तिथून आलंय. लिहायचं असं:

क्ष² + ६क्ष = (क्ष + ३)² − ९

शेवटचे वजा ९ म्हणजे कोपऱ्यासाठी उसनी आणलेली फरशी. उसनं आणलं तर परत करायला हवं, एवढंच.

आता समजा पट्ट्यासकट एकूण १६० चौरस फूट फरशी लागली. मग क्ष² + ६क्ष = १६०. दोन्हीकडे ९ मिळवा: (क्ष + ३)² = १६९. म्हणून क्ष + ३ = १३ किंवा −१३, म्हणजे क्ष = १० किंवा −१६. अंगणाची बाजू ऋण नसते, म्हणून १० फूट. पडताळा घ्या: १०० + ६० = १६०.

ही आकृती माझ्या डोक्यातून आलेली नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीने क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण असंच चौरस आणि पट्टे काढून सोडवून दाखवलं होतं. त्याचं उत्तर ३. ऋण उत्तराचा तो विचारच करत नाही, कारण त्याच्यासमोर खरोखरचा चौरस आहे. तुम्ही ते समीकरण वहीत आकृतीसह एकदा सोडवा. पंधरा मिनिटं जातील, पण 'अर्ध्याचा वर्ग मिळवा' हे वाक्य परत पाठ करावं लागणार नाही.

अर्धं का करायचं?

कारण पट्टा दोन बाजूंना वाटायचाय.

क्ष² च्या आधी १ नसेल तर?

इथे सगळ्यात जास्त गुण जातात, म्हणून सावकाश पाहू. २क्ष² − १२क्ष + ७ घ्या. पहिल्या दोन पदांतून २ बाहेर काढा, ७ ला हात लावू नका:

२(क्ष² − ६क्ष) + ७
= २[(क्ष − ३)² − ९] + ७
= २(क्ष − ३)² − १८ + ७
= २(क्ष − ३)² − ११

बहुतेक मुलं दुसऱ्या ओळीतून थेट २(क्ष − ३)² − ९ + ७ लिहितात. ९ कंसाबाहेर येताना त्याला २ ने गुणायचं राहून जातं. उसनी फरशी दुप्पट आणली होती, परत करताना एकपट केली, असा तो प्रकार.

दुसरी चूक त्याहून खोल आहे. समीकरण असेल, म्हणजे २क्ष² − १२क्ष + ७ = ० असं असेल, तर दोन्ही बाजूंना २ ने भागायला हरकत नाही. उजवीकडे शून्य आहे, शून्याला काही होत नाही. पण य = २क्ष² − १२क्ष + ७ चा आलेख काढायचा असेल तर तो २ टाकून देता येत नाही. भागलंत तर वक्र क्ष-अक्षाला त्याच जागी छेदेल, पण खोली निम्मी होईल. शिरोबिंदू, म्हणजे वक्र जिथे वळतो तो सर्वात खालचा किंवा वरचा बिंदू, −११ ऐवजी −५.५ वर येईल. म्हणून पेन टेकवण्याआधी बघा: समोर समीकरण आहे की नुसती बहुपदी?

सूत्र पाठ आहे. मग हा खटाटोप कशाला?

सूत्र म्हणजे हाच खटाटोप कुणीतरी एकदा अक्षरांवर करून ठेवलेला. आपल्याकडे तो फार सुंदर रीतीने झालाय. अ·क्ष² + ब·क्ष + क = ० घ्या. सुरुवातीलाच अ ने भागलं तर अपूर्णांकांचं रान माजतं. त्याऐवजी सगळ्याला ४अ ने गुणा आणि क चं पद उजवीकडे न्या:

४अ²·क्ष² + ४अब·क्ष = −४अक

आता दोन्हीकडे ब² मिळवा. डावी बाजू आपोआप पूर्ण वर्ग होते:

(२अ·क्ष + ब)² = ब² − ४अक

वर्गमूळ घ्या, ब पलीकडे न्या, २अ ने भागा. सूत्र तयार, क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) ÷ २अ, आणि शेवटच्या पायरीपर्यंत एकही अपूर्णांक नाही.

४अ ने गुणून ब² मिळवायची ही रीत श्रीधराचार्यांची. भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' ग्रंथात ती श्रीधरांचं नाव घेऊन दिली आहे, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ रचला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे इथे आहे. आपल्याच महाराष्ट्रात. हे मी वर्गात आवर्जून सांगतो, कारण 'सूत्र कुणी काढलं' हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि विचारायला हवा.

शेवटच्या ओळीची उजवी बाजू पुन्हा बघा: ब² − ४अक. विवेचक तो हाच. पुस्तकात त्याला डेल्टा म्हणून त्रिकोणाचं चिन्ह देतात. तो आकाशातून पडलेला नाही. पूर्ण वर्ग केल्यावर समोर जे उरतं तोच विवेचक.

विवेचकावरून मुळांचं स्वरूप कळतं म्हणजे काय कळतं? धन, शून्य, ऋण एवढं पाठ केलं तर पुरे ना?

परीक्षेपुरतं पुरेल. पण हा प्रश्न मला शिवाजी पेठेतल्या एका मुलाने विचारला होता, आणि तो फुटबॉल खेळायचा, म्हणून त्याला दिलेलं उत्तरच इथे देतो. कोल्हापुरात पेठांच्या आणि तालमींच्या संघांचे सामने शाहू स्टेडियमवर रंगतात, तेव्हा चेंडूवर डोळे न लावलेलं माणूस सापडणं कठीण. तर मग चेंडूच घेऊ.

गोलकीपरने हातातला चेंडू जमिनीपासून १ मीटर उंचीवर लाथ मारून उडवला. वरच्या दिशेने वेग सेकंदाला १४ मीटर. क्ष सेकंदांनंतर उंची:

य = १ + १४क्ष − ५क्ष²

यातले ५ म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या निम्मे. ९.८ च्या जागी सोयीसाठी १० धरलेत, आणि हवेचा अडथळा सोडून दिलाय. पूर्ण वर्ग करा:

य = −५(क्ष − १.४)² + १०.८

बघताक्षणी कळतं की चेंडू १.४ सेकंदांनी सर्वात वर असतो आणि तेव्हा उंची १०.८ मीटर, साधारण तीन मजली घराएवढी. आता तीन प्रश्न विचारू.

चेंडू १० मीटर उंचीवर कधी असतो? ५क्ष² − १४क्ष + ९ = ०. विवेचक १९६ − १८० = १६. धन. म्हणून दोन वेळा: १ सेकंदाला वर जाताना, १.८ सेकंदाला खाली येताना.

१०.८ मीटरवर कधी? ५क्ष² − १४क्ष + ९.८ = ०. विवेचक १९६ − १९६ = ०. एकदाच, माथ्यावर. दोन समान मुळे म्हणतात ती ही. वर जाणारा क्षण आणि खाली येणारा क्षण सरकत सरकत एकमेकांना येऊन भिडले.

१२ मीटरवर कधी? ५क्ष² − १४क्ष + ११ = ०. विवेचक १९६ − २२० = −२४. कधीच नाही. चेंडू तिथवर पोचतच नाही.

म्हणजे धन, शून्य, ऋण ही पाठ करायची यादी नाही. आडवी रेषा वक्राला दोनदा कापते, एकदा स्पर्श करते, की वरून निघून जाते, हे विवेचक सांगतो. आणि तो याहूनही जास्त सांगतो. दोन मुळांतलं अंतर म्हणजे विवेचकाचं वर्गमूळ भागिले अ (चिन्ह सोडून). इथे √१६ ÷ ५ = ०.८, आणि १.८ − १ = ०.८. चेंडू १० मीटरच्या वर किती वेळ होता, ते मुळं न काढताच कळलं. हे बहुतेक मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं, याचं मला वाईट वाटतं.

विवेचक ऋण आला. माझं गणित चुकलं का?

चुकलं असेलच असं नाही. चिन्हं एकदा तपासा. विशेषतः क ऋण असेल तर −४अक धन होतं (अ धन असताना), हे घाईत निसटतं. तपासूनही ऋणच आला तर उत्तर लिहा: 'वास्तव मुळे नाहीत'. नुसतं 'मुळे नाहीत' लिहू नका. अकरावीत संमिश्र संख्या (ज्यांत ऋण संख्येचंही वर्गमूळ निघतं) भेटतील तेव्हा याच समीकरणाला दोन मुळं सापडतील. ती क्ष-अक्षावर नसतात, म्हणून आलेखात दिसत नाहीत.

अवयव पडतील की नाही हे आधी कळतं का?

कळतं, आणि परीक्षेत फार वेळ वाचतो. सहगुणक पूर्णांक असतील आणि विवेचक पूर्ण वर्ग असेल तर मुळं परिमेय (पूर्णांक किंवा साध्या अपूर्णांकात लिहिता येणारी) असतात, म्हणजे पूर्णांकांत अवयव पडतातच. ६क्ष² + क्ष − ३५ घ्या. बघून वाटतं, कसले पडतायत! विवेचक १ + ८४० = ८४१, म्हणजे २९ चा वर्ग. पडणार. मुळं ७/३ आणि −५/२, अवयव (३क्ष − ७)(२क्ष + ५). विवेचक ८४० आला असता तर अवयवांच्या जोड्या शोधण्यात दहा मिनिटं घालवण्याऐवजी सरळ सूत्र लावायचं.

'मुळे समान आहेत, म ची किंमत काढा' यात माझा एक गुण नेहमी जातो. का?

बहुधा ± राहतो. क्ष² + म·क्ष + ९ = ० मध्ये विवेचक म² − ३६ = ०, म्हणून म = ६ किंवा −६. दोन्ही लिहायला हवीत. आलेखात पाहिलं तर विसरणं अवघड: म = ६ असताना वक्र क्ष-अक्षाला डावीकडे −३ वर टेकतो, म = −६ असताना उजवीकडे ३ वर.

'टेकणं' म्हणजे विवेचक शून्य, ही गोष्ट क्ष-अक्षापुरती नाही. य = २क्ष + क ही तिरकी रेषा य = क्ष² ला कधी टेकेल? दोन्ही समान लिहा: क्ष² − २क्ष − क = ०. विवेचक ४ + ४क = ०, म्हणून क = −१. स्पर्शिका सापडली, तीही कलनशास्त्राशिवाय.

√१६ म्हणजे ४ की ±४?

√१६ म्हणजे ४. फक्त ४. पण क्ष² = १६ ची उत्तरं दोन, ४ आणि −४. ± हे चिन्ह वर्गमूळाच्या पोटात नसतं. समीकरण सोडवताना ते आपण बाहेरून लावतो.

आलेख काढायला किती बिंदू घ्यायचे? आमच्याकडे सात-आठ किमतींचं कोष्टक करून घेतात.

कोष्टक वाईट नाही, पण आंधळं आहे. क्ष = −३ पासून ३ पर्यंत किमती घेतल्या आणि शिरोबिंदू ५ वर असला तर आलेखाचा महत्त्वाचा भाग कागदावर येतच नाही. मी उलट क्रमाने जायला सांगतो. आधी पूर्ण वर्ग, मग आकृती, मग लागल्यास कोष्टक.

य = क्ष² − ४क्ष − १ घेऊ. पूर्ण वर्ग: (क्ष − २)² − ५. शिरोबिंदू (२, −५). क्ष² चा सहगुणक धन, म्हणून वक्राचं तोंड वर. क्ष = ० ठेवल्यावर य = −१, म्हणजे वक्र य-अक्षाला (०, −१) मध्ये छेदतो. सममितीचा अक्ष (वक्राचे दोन सारखे भाग करणारी उभी रेषा) क्ष = २ असल्याने त्याचं प्रतिबिंब (४, −१) फुकट मिळालं. आणि (क्ष − २)² = ५ वरून क्ष-अक्षाला छेद २ ± √५, साधारण −०.२४ आणि ४.२४. पाच बिंदू झाले आणि पाचही कामाचे.

मधला आकार हाताने नीट यावा म्हणून एक युक्ती. शिरोबिंदूपासून उजवीकडे एकेक पाऊल टाकत गेलं की वक्र १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांनी वर चढतो (अ = १ असताना; नाहीतर प्रत्येकाला अ ने गुणायचं). वरच्या उदाहरणात −५ पासून −४, −१, ४: चढ १, ३, ५. डावीकडेही तसंच. एकदा हे जमलं की कोष्टक न करताच आलेख कागदावर उतरतो.

आणि कृपा करून बिंदू पट्टीने जोडू नका. शिरोबिंदूला टोक नसतं, तिथे वक्र गोलसर वळतो. त्याचे हात वर जाताना उभे होत नाहीत, आत तर कधीच वळत नाहीत. उत्तरपत्रिकेत मी घागरीसारखे अन्वस्त पाहिले आहेत, वर निमुळते झालेले. अन्वस्त वर जाईल तसा रुंदच होत जातो.

(क्ष − ३)² मध्ये वजा आहे, मग वक्र उजवीकडे का सरकतो?

हा खरा चांगला प्रश्न, आणि 'उलटं लक्षात ठेवा' हे त्याचं उत्तर नव्हे. परत चेंडूकडे या. एक चेंडू शिट्टी वाजताच उडवला, दुसरा तसाच, पण ३ सेकंद उशिरा. शिट्टीपासून मोजणाऱ्या घड्याळात क्ष सेकंद झालेत तेव्हा दुसऱ्या चेंडूच्या स्वतःच्या घड्याळात क्ष − ३ झालेत. त्याची सगळी हालचाल ३ सेकंदांनी मागाहून घडते, म्हणजे आलेखात ३ घरं उजवीकडे. वजा म्हणजे इथे उशीर.

घाईत असाल तर एवढंच विचारा: कंस शून्य कधी होतो? क्ष = ३ ला. शिरोबिंदू तिथे.

अ, ब, क बदलले की वक्राचं काय होतं?

क सोपा: अख्खा वक्र वर किंवा खाली. अ चं चिन्ह तोंड वर की खाली ते ठरवतं, आणि आकडा मोठा झाला की वक्र अरुंद दिसतो.

ब ची गोष्ट न्यारी आहे. मुलांना वाटतं ब बदलल्यावर वक्र आडवा सरकत असेल. तसं होत नाही. मोबाइलवर जिओजेब्रा हे आलेख काढायचं अ‍ॅप उघडा, य = क्ष² + ब·क्ष + ३ लिहा आणि ब चा स्लायडर हलवा. वक्र (०, ३) या बिंदूला धरून झोके घेतो. तो बिंदू सुटत नाही, कारण क्ष = ० ठेवलं की ब चं पदच नाहीसं होतं. आणि शिरोबिंदू? पूर्ण वर्गावरून तो (−ब/२, ३ − ब²/४) वर असतो, म्हणजे तो य = ३ − क्ष² या उलट्या अन्वस्तावरून चालतो. अन्वस्ताचा माथा दुसऱ्या अन्वस्तावरून घसरतोय! मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती, आणि त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत तो स्लायडरच हलवत बसलो होतो.

शिवाय ब ला स्वतःचा अर्थ आहे. वक्र य-अक्ष ओलांडतो त्या जागी त्याचा चढ ब असतो. ब धन तर तिथून चढता, ऋण तर उतरता.

अरुंद अन्वस्त आणि पसरट अन्वस्त हे वेगळे आकार ना?

नाही. सगळे अन्वस्त एकरूप नसले तरी समरूप आहेत, जशी सगळी वर्तुळं असतात. य = १०क्ष² चा आलेख दोन्ही दिशांना दहापट मोठा करा, तो य = क्ष² वर तंतोतंत बसेल. 'अरुंद' म्हणजे लांबून पाहिलेला.

असमानता सोडवताना चिन्ह कधी उलटवायचं, यात गोंधळ होतो.

आकृती काढा, गोंधळ संपतो. पावसाळ्यात आपण सगळेच पंचगंगेची पातळी पाहत असतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. सरावासाठी समजा, क्ष दिवसांनी पातळी य = ३६ + ४क्ष − क्ष²/२ फूट अशी आहे. खरा पूर इतका नेमस्त वागत नाही, २०१९ चा पूर पाहिलेल्यांना हे सांगायला नको. हे आकडे फक्त गणितापुरते.

पूर्ण वर्ग: य = −½(क्ष − ४)² + ४४. चौथ्या दिवशी ४४ फूट, तीच कमाल. धोका पातळीच्या वर कधी?

−½(क्ष − ४)² + ४४ > ४३
−½(क्ष − ४)² > −१

आता दोन्ही बाजूंना −२ ने गुणायचं. ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की असमानतेचं चिन्ह उलटतं, या गणितात बाकी कुठेही नाही:

(क्ष − ४)² < २

म्हणून क्ष हा ४ − √२ आणि ४ + √२ यांच्या मध्ये, साधारण २.५९ ते ५.४१ दिवस. इथे 'क्ष − ४ < ±√२' असं काही लिहू नका, त्याला अर्थ नाही. वर्ग २ पेक्षा लहान म्हणजे ४ पासूनचं अंतर √२ पेक्षा कमी. आलेखात ४३ ची आडवी रेषा मारा आणि तिच्या वर असलेला वक्राचा तुकडा बघा. उत्तर एका सलग पट्ट्यात आहे की दोन बाजूंना तुटलंय, हे डोळ्यांना लगेच दिसतं. ३९ फुटांसाठी तुम्हीच करून पाहा: (क्ष − ४)² < १० यायला हवं.

आम्हाला शेतीत याचा काय उपयोग? (एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा प्रश्न)

ओढ्याच्या काठाला म्हशींसाठी आयताकृती जागा घेरायची आहे. तार ६० मीटर. ओढ्याच्या बाजूला कुंपण नको, तिन्ही बाजूंना हवं. ओढ्याकडून आत येणाऱ्या दोन बाजू क्ष-क्ष धरल्या तर तिसरी ६० − २क्ष. क्षेत्रफळ क्ष(६० − २क्ष), म्हणजे −२(क्ष − १५)² + ४५०. जास्तीत जास्त ४५० चौरस मीटर, बाजू १५, १५ आणि ३०. अंदाजाने चौरस घेरला असता, २०-२०-२०, तर ४०० च मिळाले असते. तेवढ्याच तारेत ५० चौरस मीटर जागा जास्त. आणि तार कितीही असो, अशा ठिकाणी निम्मी तार लांब बाजूला, हा नियम कायम राहतो.

शिवाजी पुलाच्या कमानी, लोंबणाऱ्या विजेच्या तारा, कारंज्याची धार: हे सगळे अन्वस्त का?

कारंज्याची धार आणि फेकलेला दगड हे अन्वस्ताच्या अगदी जवळ जातात, हवेचा अडथळा कमी असेल तर. स्वतःच्या वजनाने लोंबणारी साखळी किंवा तार दिसते तशीच, पण तो वेगळा वक्र आहे. कमानी वर्तुळाचा तुकडा असू शकतात, लंबवर्तुळाचाही. म्हणून 'वाकलंय म्हणजे अन्वस्त' असं म्हणू नका, मोजा.

मोजायची रीत सोपी. समोरून घेतलेल्या फोटोची प्रत काढून तिच्यावर सारख्या अंतरावर उभ्या रेघा मारा आणि वक्राची उंची मोजत जा. समजा ०, ७, १२, १५, १६, १५, १२, ७, ० अशा उंच्या आल्या. लागोपाठच्या फरकांची ओळ: ७, ५, ३, १, −१, −३, −५, −७. त्यांचे परत फरक: सगळे −२. दुसरे फरक सारखे आले की अन्वस्त. वर्तुळाच्या कमानीत हे दुसरे फरक कडेला जाताना वाढत जातात. सुट्टीत करण्यासारखा याहून छान प्रयोग मला माहीत नाही, आणि शिवाजी पूल जवळच आहे.

परीक्षेत पद्धत सांगितली नसेल तर कोणती वापरू?

विवेचक काढा. पूर्ण वर्ग आला तर अवयव, नाहीतर सूत्र. 'पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा' म्हटलं असेल तर मात्र त्याच पद्धतीने. कमाल, किमान, शिरोबिंदू किंवा आलेख विचारला असेल तर पूर्ण वर्गाला पर्याय शोधू नका.

सरावाला एखादं चांगलं गणित द्या ना.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं भुंग्यांचं देतो, आपल्या शब्दांत. भुंग्यांचा एक थवा आहे. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ काढल्यावर येतील तेवढे भुंगे मालतीच्या वेलीवर गेले. थव्याचे आठ नवमांशही तिकडेच गेले. उरली एक जोडी: सुगंधाच्या ओढीने भुंगा रात्री कमळात अडकलाय आणि बाहेरून भुंगी त्याला साद घालतेय. थवा केवढा?

एकूण भुंगे २क्ष² धरा, म्हणजे निम्म्याचं वर्गमूळ क्ष येतं आणि मूळचिन्हच नाहीसं होतं. हे सुचणं म्हणजेच अर्धं गणित. मग क्ष + १६क्ष²/९ + २ = २क्ष², आणि ९ ने गुणून आवरल्यावर २क्ष² − ९क्ष − १८ = ०.

श्रीधरांच्या रीतीने ४अ, म्हणजे ८ ने गुणा: १६क्ष² − ७२क्ष = १४४. दोन्हीकडे ८१ मिळवा: (४क्ष − ९)² = २२५. म्हणून ४क्ष − ९ = १५ किंवा −१५, क्ष = ६ किंवा −३/२. दुसरं मूळ इथे चालत नाही. क्ष हे मोजलेल्या भुंग्यांचं वर्गमूळ आहे. थवा २ × ३६ = ७२ भुंग्यांचा. पडताळा: निम्मे ३६, त्याचं वर्गमूळ ६; आठ नवमांश ६४; ६ + ६४ = ७०; उरले दोन, एक कमळात आणि एक बाहेर.